खुर्चीपुरती शांतता

केतकी बारापात्रेच्या घरात त्या उन्हाळ्यात बोलणं जवळजवळ बंदच पडलं होतं. भांडण झालं होतं अशातला भाग नाही. एकमेकांचं बोलणं ऐकूच जात नसे, आणि प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून सांगायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं.

दोघं म्हणजे ती आणि तिचे बाबा. नागपुरात बेसा भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, समोरासमोर दोन खोल्या, मधे चिंचोळा पॅसेज. एका खोलीत बाबांचा पलंग आणि हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं त्यांचं यंत्र. दुसऱ्या खोलीत केतकीचं टेबल आणि संगणक. बाबा, म्हणजे दामोदर बारापात्रे, यांनी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली होती. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून ते दुसऱ्या टोकाच्या पोराला नावानं हाक मारत आणि पोरगं जागच्या जागी थिजे. आता त्यांची फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. नाकात चोवीस तास नळी, आणि पलंगाशेजारी ते यंत्र घुर्र करून हवा ओढायचं, फुस्स करून सोडायचं.

त्या आवाजाची तरी सवय होते. सवय होत नव्हती ती केतकीच्या खोलीतल्या आवाजाची.

केतकी सिनेमांसाठी पाणी बनवायची. पडद्यावर धरण फुटतं, लाट गावावर येते, पुरात म्हशी वाहून जातात, ते सगळं पाणी संगणकात तयार होतं, आणि त्यातला प्रत्येक थेंब कुठे जाईल याचं गणित ग्राफिक्स कार्ड करतं. हे कार्ड मुळात जन्माला आलं पडद्यावर चित्र उमटवायला. चित्रातल्या लाखो ठिपक्यांचं काम एकदम उरकायचं, म्हणून त्याच्यात हजारो बारकी गणितयंत्रं खेटून बसवलेली असतात. पण गणित म्हणजे शेवटी विजेची धावपळ, आणि त्या धावपळीत खर्चलेली वीज बहुतेक सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. केतकीच्या टेबलाखाली अशी चार कार्डं होती. चारही जोमानं चालली की खोलीत शेगडी पेटवून ठेवल्यासारखं होई. ही धग तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांवर आणायची आणि पंख्यांनी उडवून लावायची, एवढीच तिची वाट. मात्र नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच भाजून काढणारी. एसी धापा टाकायचा, पंखे जीव तोडून फिरायचे, आणि तरी कार्डं तापलीच तर जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करायची. मग काम रेंगाळायचं.

पूर्वी अशी कामं मोठमोठ्या संगणककेंद्रांत होत. ती केंद्रं पाण्यावर थंड ठेवली जात. उन्हाळ्यात माणसांना प्यायला पुरत नाही तिथे यंत्रांना पाणी द्यायचं नाही, असा नियम आला तेव्हा केंद्रं चार महिने थंडावली आणि कामं लोकांच्या घरांत येऊन बसली. केतकीला ते बरंच पडलं. हैदराबादचा स्टुडिओ घरी काम देत होता आणि बाबांना सोडून तिला कुठे जाता येत नव्हतं. फक्त पंख्यांचा तो किंचाळता सूर सकाळपासून तिच्या दाढांत बसल्यासारखा वाटे. रात्री कार्डं थांबली तरी तो कानात चालूच असे.

बाबा एकदाच म्हणाले होते, "केतू, घरात विमान उतरून राहिलं का?"

ती हसली नव्हती. "काय?" असं तिनं दोनदा ओरडून विचारलं होतं, आणि मग बाबांनी हातानंच 'जाऊ दे' केलं होतं.

स्टुडिओनं 'निवांत' हे गोंगाट गिळणारं यंत्र पाठवलं ते याच दिवसांत. बसवायला आलेली कंपनीची इंजिनियर अल्मास शेख सदर भागातली होती. दमूनभागून आलेली, पण बोलायला उत्साही. तिनं चारही कार्डांजवळ बटणाएवढे मायक्रोफोन चिकटवले, केतकीच्या खुर्चीच्या पाठीला दोन चपटे स्पीकर लावले, आणि समोर डोळ्यांच्या उंचीवर एक छोटा कॅमेरा.

"आवाज म्हणजे काय, हवेची ढकलाढकली," ती स्क्रू पिळता पिळता सांगत होती. "पंखा हवेला पुढं ढकलतो, त्याच क्षणी आपण तेवढीच मागं ओढायची. दोन्ही मिळून काहीच नाही."

"हेडफोनमध्ये असतं ते."

"तेच. पण दहा तास हेडफोन घालून कान सोलून निघतात, ताई. आणि सगळ्या खोलीत शांतता करणं आजून कोणाला जमलं नाही. म्हणून आपण खोलीचा नादच सोडला. फक्त तुमच्या डोक्याभोवती, एका मोठ्या कलिंगडाएवढी जागा. डोकं हललं तर कॅमेरा कान शोधतो, जागा त्यांच्यामागं सरकते."

"एवढ्या झटकन गणित होतं?"

"आवाज चालत येतो आणि तारेतून वीज उडत जाते," अल्मास म्हणाली. "पंख्याचा आवाज तुमच्या कानाशी पोचेपर्यंत मायक्रोफोननं तो केव्हाच सांगितलेला असतो. मधल्या वेळात कार्ड त्याचा उलटा आवाज तयार ठेवतं. जो गोंगाट करतो त्यालाच झाडू मारायला लावायचं."

बाबांच्या यंत्रालाही तिनं एक मायक्रोफोन लावला, त्यांच्या उशीमागे दोन स्पीकर बसवले. जाता जाता केतकीच्या मनगटावरचं घड्याळ तिनं कार्डांशी जोडून दिलं. कोणता आवाज नकोसा आहे हे निवांत विचारत बसत नाही, ती म्हणाली. नाडीवरून ओळखतं, आठ-पंधरा दिवसांत शिकतं. "आणि भोंगा, यंत्राचा बझर, दाराची बेल, काच फुटल्याचा आवाज, असले धोक्याचे आवाज ते कधीच अडवत नाही. त्याची काळजी करू नका."

बटण दाबलं आणि केतकीला क्षणभर वाटलं, आपण बहिऱ्या झालो. टेबलावर हात ठेवला तर कार्डांची थरथर तळव्याला लागत होती, पण आवाज नव्हता. तिनं मान पुढे काढली तर किंचाळी, मागे टेकली तर काही नाही. दोनतीनदा तिनं तसं करून बघितलं. मग ती टेकून बसली ती उठेचना. अल्मास निघून गेल्याचंही तिला नीट आठवलं नाही. किती महिन्यांनी तिचे खांदे कानांपासून खाली आले होते.

पुढचे काही आठवडे घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. संध्याकाळी ती बाबांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसे. त्यांच्या उशीभोवतीही शांतता होती, त्यामुळे ओरडावं लागत नसे. बाबांना एका दमात चारपाच शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं, पण ते तुटक तुटक का होईना, बोलत. शाळेच्या सहलीत रामटेकला हरवलेला मुलगा माकडांना शेंगदाणे वाटताना कसा सापडला, आई पहिल्यांदा स्कूटरवर मागे बसली तेव्हा किती घाबरली होती. केतकी ऐके, हसे, आणि मधेच तिला झोप येई.

थकवा मात्र गेला नव्हता. आवाज गेल्यावर तो उघडा पडला, इतकंच. बाबांना आंघोळ घालायला आणि स्वयंपाकाला सकाळ-संध्याकाळ पुष्पकलाबाई येत. मधला सगळा दिवस केतकीचा. पाणी, गोळ्या, भांडं, नळी सरकली, ऊन डोळ्यावर आलं, पडदा ओढ, पडदा उघड. प्रत्येक वेळी पलीकडून हाक यायची, "केतू, ए केतू!" आणि थेंबांचं गणित अर्ध्यावर टाकून ती उठायची.

मग या हाका कमी झाल्या. कधीपासून, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी पुष्पकलाबाई कणकेच्या हातानं तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "ताई, बाबा केव्हाचे आवाज देऊन राहिले तुमाले."

"मला नाही आला."

"स्वैपाकघरात आला मले."

केतकी उठून गेली. बाबा पडून होते.

"हाक मारली होती?"

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "नाही गं. असंच. तू कर तुझं."

आवाज खोल गेलाय त्यांचा, केतकीला वाटलं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. ती परत जाऊन खुर्चीत टेकली.

हाका थांबल्या तसं तिनं मानून घेतलं की बाबांना बरं आहे. स्टुडिओनं एक मोठं काम पुढे केलं, वादळात सापडलेल्या मच्छीमारांच्या होडीचं, सगळा समुद्रच समुद्र. एरवी तिनं नाही म्हटलं असतं. या वेळी हो म्हणाली.

जूनमधल्या एका दुपारी समुद्र अगदी जमून आला होता. लाट उचलून येत होती, तिच्या माथ्यावरचा फेस वाऱ्यानं फाटत होता, आणि केतकी श्वास रोखून बघत होती. तेवढ्यात तळपायाला धक्का बसला. आवाज काही नाही. फरशी हादरली एवढंच. तिला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवलं. तरी ती उठली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाबा पलंग आणि दाराच्या मधे पडले होते. पायात नळीचा वेढा, नाकातलं टोक निघून लांब गेलेलं, यंत्र आपलं घुर्र-फुस्स रिकाम्या हवेत प्राणवायू सोडत होतं. ओठ निळे पडले होते. उजवा हात अंगाखाली मुडपला होता. पाण्याचा तांब्या खिडकीच्या कट्ट्यावर राहून गेला होता, तो घ्यायला ते निघाले होते.

तिनं आधी नळी त्यांच्या नाकाशी धरली. मग फोन. मग त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती फरशीवर बसून राहिली आणि "बाबा, ओढा, श्वास ओढा," एवढंच म्हणत राहिली, रुग्णवाहिकेचे लोक येईपर्यंत.

मनगट मोडलं होतं. श्वास सावरायला दवाखान्यात आठवडा गेला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, तोंडावरचा मास्क काढून नुसती नळी ठेवली तेव्हा, ती म्हणाली, "हाक का नाही मारली, बाबा?"

"मारली."

"मला आली नाही ऐकू."

बाबा छताकडे बघत राहिले. "स्वैपाकघरात असलीस की येतेस. बाथरूममधून येतेस. खुर्चीत असलीस की... नाही येत." त्यांनी दम खाल्ला. "मला वाटलं, कामात असते. दमते. मग म्हटलं, नको. किती आवाज द्यायचे माणसाला."



घरी येऊन तिनं पुष्पकलाबाईंना बाबांच्या रिकाम्या पलंगाशी उभं केलं. "माझं नाव घेऊन हाका मारा. मोठ्यानं." ती खुर्चीत टेकली. पॅसेजच्या पलीकडे, उघड्या दारातून पुष्पकलाबाई समोर दिसत होत्या. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी पुसट, भिंतीआडून कोणी कुजबुजावं तसा येत होता. केतकीनं मान पुढे काढली.

"...ऐकू येते का नाही वो ताई!"

अल्मासला बोलावलं. ती आली, संगणकासमोर बसली आणि हळूहळू तिचं बोलणं कमी होत गेलं.

"बाबांचं यंत्र ऐकायला लावलेला मायक्रोफोन," ती शेवटी म्हणाली, "त्याला त्या खोलीतलं सगळंच ऐकू येतं. पंखे झाले, यंत्र झालं, तेव्हा त्यानं पुढचा आवाज घेतला. त्या खोलीतून येणारी हाक. खास बाबांचीही नाही. त्या दिशेनं कोणीही ओरडलं, काही पडलं तरी धरतं ते."

"पण ती धोक्याची हाक असू शकते."

"धोक्याच्या आवाजांत बझर आहे, भोंगा आहे. माणसाची हाक नाही घातलेली. कोणाच्या डोक्यातच आलं नाही." अल्मास तिच्याकडे न बघता बोलत होती. "आणि ताई, ते नाडीवर चालतं. दर वेळी त्या खोलीतून हाक आली की तुमची नाडी उडायची. पंख्यांच्या आवाजानंसुद्धा एवढी उडत नव्हती. त्यानं मानलं, याचा सगळ्यांत जास्त त्रास आहे."

अल्मासनं एक बटण दाखवलं, बाबांच्या खोलीतले माणसांचे आवाज अडवण्यातून वगळायचं. एवढंसं काम होतं. तिनं ते करून दिलं, पुष्पकलाबाईंकडून पुन्हा हाका मारून घेतल्या, त्या आता स्वच्छ ऐकू आल्या. कंपनीला कळवते, बाकी घरांतही बदल करायला लावते, असं ती म्हणाली. दारात चपला घालताना थांबली. "माझी अम्मीपण अंथरुणावरच आहे," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

बाबांना घरी आणल्यावर केतकी दोन दिवस गप्प होती. त्यांना खरं सांगावं की यंत्र बिघडलं होतं म्हणून सोडून द्यावं, हे तिचं ठरत नव्हतं. बिघडलं होतं म्हटलं तर तेही तसं खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना भात भरवताना तिनं सांगून टाकलं. नाडीचं, घड्याळाचं, सगळं.

बाबा हळूहळू चावत होते. घास गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी हाक मारली की... तुझ्या छातीत धडधडते?"

"हो."

"रागानं?"

चमचा तिच्या हातातच राहिला. खूप सोपं होतं, नाही बाबा, भीतीनं, असं म्हणणं. ते खरंही होतं. पलीकडून 'केतू' आलं की दर वेळी तिच्या मनात एकच येई, आज झालं, आज श्वास अडकला. पण पॅसेज ओलांडून यावं आणि पडदा ओढायचा असावा, तेव्हा तिला जे वाटे ते भीतीतलं नव्हतं.

"भीतीनं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि रागानंही. कधी कोणतं, ते मलापण नाही कळत, बाबा."

तिला वाटलं ते तोंड फिरवतील. त्यांनी डाव्या हातानं ओठ पुसले.

"मग त्या मशीनला कुठून कळंल?" ते म्हणाले. थोड्या वेळानं, "मला रोज दोन्ही येते. तुझ्या हातून... लघवीचं भांडं घेताना." आणि तोंड उघडून त्यांनी पुढचा घास मागितला.

निवांत त्यानंतर आठवडाभर चाललं. बाबांची हाक आता अडत नव्हती, अल्मासनं ते चोख केलं होतं. पण केतकीला त्या शांततेत बसवेना. काही ऐकू आलं नाही की तिला वाटे, हे खरंच शांत आहे की काढून टाकलंय? खोकला आला होता का? भांडं पडलं का? दर दोन मिनिटांनी ती मान पुढे काढून पंख्यांच्या किंचाळीत कान देई, पुन्हा मागे टेके. त्यात मान आखडली आणि काम तर होतच नव्हतं. शेवटी तिनं खुर्चीमागचे दोन्ही स्पीकर उपटले, कॅमेरा काढला आणि सगळं खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. बाबांची उशी मात्र तशीच ठेवली. ते म्हणाले, माझी राहू दे, मला कुठे उठून जायचं आहे.

चार कार्डांचा आवाज झेपण्यासारखा नव्हता. तिनं दोन बंद केली. दोनच चालली की पंखे नुसते घोंघावत, किंचाळत नसत. काम निम्म्या वेगानं होऊ लागलं. स्टुडिओनं थोडे दिवस वाट पाहिली, मग समुद्र दुसऱ्या कोणाला दिला, आणि केतकीच्या वाट्याला नळाचं पाणी, खिडकीवरचे थेंब, बादलीत पडणारी धार असलं बारकं पाणी आलं. तिला वाईट वाटलं. ती लाट तिनं बघितली होती.

बाबांना हाका मारायची सवय पुन्हा लागायला वेळ गेला. सुरुवातीला ते अडल्याशिवाय मारतच नसत. तिनं सांगितलं, मारत जा, मला ऐकू येतं. मग लागली तशी इतकी लागली की दिवस त्यातच सरू लागला.

ऑगस्टमधल्या एका दमट दुपारी तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा ती छाती धडधडत पॅसेज ओलांडून गेली. बाबा डोळे मिटून पडले होते. यंत्र चालू, नळी जागेवर, तांब्या हाताशी.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय, बाबा? दिवसातून किती वेळा काही नाही? मी तिकडे अर्धं टाकून येते, इकडे तुम्ही—" ती जवळजवळ ओरडलीच.

बाबांनी डोळे उघडले. चिडलेल्या मुलीकडे बघून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "बस," ते म्हणाले.

पलीकडच्या खोलीत पडद्यावरची एक बादली भरायची राहिली होती. पण तिथे जाऊन पुन्हा उठून यायचं, त्यापेक्षा बसलेलं बरं म्हणून ती स्टुलावर बसली. भिंतीला डोकं टेकलं. पंखे घोंघावत होते, एसी धापा टाकत होता, बाबांचं यंत्र हवा ओढत होतं आणि सोडत होतं. बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं. बसल्या बसल्या तिची मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं.

थोड्या वेळानं बाबांना तहान लागली. तांब्या डाव्या हाताला होता, पण मोडलेल्या उजव्या मनगटात अजून जोर नव्हता आणि घट्ट झाकण एका हातानं निघेना. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तांब्या छातीवर धरून ते तिच्या जागं होण्याची वाट बघत पडून राहिले.